मोहाखालची बंडी

“नेला गा, नेला! तुह्या बाबाले नेला!”

शेजारची काकू शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं पळत येत होती आणि मी हापशीवर तोंडाला साबण लावून उभा होतो. डोळे उघडावेत तर साबण, मिटावेत तर तो आवाज. काकूचा आवाज म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगितलं पाहिजे. ती अंगणातून सुनेला चहा मागते तेव्हा साकोलीच्या स्टँडवर कंडक्टर दचकून घंटी मारतो आणि गाडी वेळेच्या आधी सुटते. खोटं वाटत असेल तर स्टँडवर कुणालाही विचारा, फक्त मी सांगितलं असं सांगू नका. पण त्या सकाळी तो आवाज मधूनमधून फाटत होता. तिच्या डोक्यावर टोपलं नव्हतं, पायात काही नव्हतं, आणि हातात एक मळकट कापड होतं. जवळ आल्यावर तिनं ते माझ्यापुढे धरलं आणि ती एकदम गप्प झाली. काकू गप्प झालेली गावानं त्याआधी पाहिली नव्हती.

ती बंडी होती. म्हणजे अर्धी बंडी. उजवी बाजू, काखेपासून खालपर्यंत उभी फाडलेली. जाड्याभरड्या कापडाची, बिनबाह्यांची. माझ्या बाबांची.

कुठे सापडली विचारलं, तर म्हणाली पांदीत, म्हणजे जंगलाकडच्या गाडीवाटेत, आमच्या मोहाच्या जरा अलीकडे. बाबा दिसले का विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली आणि हापशीच्या ओट्यावर बसली.

आता मोहाचं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हा म्हातारा सकाळी सकाळी जंगलात वाघाला रामराम घालायला गेला होता. आमच्या भागात होळीच्या पुढेमागे मोहफुलं गळू लागतात. रात्रभर टपटप पडतात, आणि उजाडता उजाडता ती वेचून आणावी लागतात. उशीर केला तर चितळं, डुकरं आणि गावातली गुरं यांच्यातून काही उरत नाही. झाडं उभी आहेत सरकारच्या जंगलात, पण कोणतं झाड कोणत्या घरचं हे ज्याला त्याला ठाऊक असतं. त्याला कागद नाही की सातबारा नाही. घरात सून आली की तिला आधी चूल दाखवतात, मग मोह दाखवतात.

आमचा मोह आईचा. तिला तिच्या सासूनं दाखवला होता. हा मोह एवढा मोठा, एवढा मोठा की जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या गावाला बाकी कशाची चिंता पडली नाही, मोह कोणाच्या वाट्याला जातो एवढीच पडली. शेवटी झाड भंडाऱ्यात राहिलं आणि सावली तुटली. सकाळी ती भंडारा जिल्ह्यात पडायची आणि संध्याकाळी गोंदियात. फुलांचा सडा असा की चितळ त्यात गुडघ्यापर्यंत रुतायचं आणि आई त्याला कान धरून बाहेर काढायची. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. लहान होतो, पण पाहिलेलं आहे.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पोटाचं दुखणं निघालं, भंडाऱ्याला नेली, आणली, पुन्हा नेली, आणि दुसऱ्यांदा आणली ती तशीच. ती होती तोवर बाबांनी जन्मात एक मोहफूल उचललं नव्हतं. वेचणं बायकांचं काम, असं ते म्हणायचे, आणि ती वेचून आली की अंगणात वाळत घातलेल्या फुलांवरून कोंबड्या हाकलायचे, तेवढाच त्यांचा हातभार. पण ती गेल्यावर जो पहिला हंगाम आला, त्यात एके दिवशी उजाडायच्या आधी बाबा उठले, आईचं टोपलं घेतलं आणि गेले. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आम्ही सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाले. गावातल्या बायका घोळक्यानं जातात, त्यांच्यासोबतही नाही.

माझ्या बायकोला ते बरं वाटेना. तांदूळ निवडता निवडता ती एकदा म्हणाली, “मामाजी मोहा वेचाले नाई जात. थे दुसऱ्याच कायच्या तरी मागं हायेत.”

मी हसून घालवलं. असल्या गोष्टी हसून घालवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण त्या दिवसापासून पहाटे दाराची कडी वाजली की माझी झोप उडायची, आणि कडी परत वाजेपर्यंत मी चादरीखाली डोळे मिटून जागा असायचो. बायकोला वाटायचं मी घोरतोय. मी मुद्दाम घोरायचो. एवढा वेळ तिकडे राहून माणसानं तीन टोपली आणावीत, तर बाबा एकच आणायचे, तेही पुरतं भरलेलं नाही. मग उरलेला वेळ ते त्या झाडाखाली करतात काय? हे मी बाबांना कधी विचारलं नाही. गावाला मी नाही ते विचारतो, पण बाबांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते.

तर ही बंडी. आमच्याकडे रात्री जनावरांनी फुलं खाऊ नयेत म्हणून मोहाखाली काठी रोवून तिला अंगावरचं वापरलेलं कापड टांगून ठेवतात. धुतलेलं चालत नाही, घामाचं पाहिजे. माणसाचा वास आला की जनावर लांबून फिरतं. आता बाबांच्या बंडीचा वास. बाबा तंबाखू खाणार, बैल धुणार, उन्हात राबणार, आणि बंडी धुवायला द्यायची म्हटली की जमीन लिहून मागितल्यासारखं तोंड करणार. त्यांची बंडी काढून भिंतीला टेकवली तर बसायची नाही, उभी राहायची. एकदा ती टांगलेल्या झाडाखालून एक डुक्कर गेलं, ते म्हणे सरळ नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन थांबलं.

हसा. मीही एरवी हसलो असतो. पण बाबांजवळ अशा दोनच बंड्या होत्या, एकाच कापडाच्या, एकाच शिंप्यानं शिवलेल्या. एक अंगात, एक मोहाला. चार दिवस झाले की ते अदलाबदल करायचे. म्हणजे काकूनं आणलेली ही अर्धी बंडी एकतर झाडावरची होती, नाहीतर माझ्या बापाच्या अंगावरची.

बायको चुलीपासून उठून आली. तिनं बंडी हातात घेतली, उलटी केली, नाकाला लावली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. साबण डोळ्यात जाऊन डोळे भाजत होते, तरी पाहत राहिलो.

“दोन्ही एकच वासाच्या हायेत,” ती म्हणाली. मग पुन्हा हुंगली. “खिसा कोठी गेला?”

खिसा डाव्या बाजूला होता. अंगात असलेल्या बंडीच्या खिशात बाबांची चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असायची, टांगलेल्या बंडीचा खिसा रिकामा. तेवढाच काय तो फरक, आणि तोच अर्धा भाग हातात नव्हता.

ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढे गाव जमलं. कुऱ्हाडी आल्या, काठ्या आल्या, कोणी टिनाचा डबा आणला, कोणी परात आणली. पण पांदीकडे पाऊल कोणी टाकेना. आणि इथे मला थोडं वाघाविषयी सांगणं भाग आहे.

आठवड्यापूर्वी मला बोडीच्या चिखलात एक पंजा दिसला होता. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, मोहापासून थोडा पलीकडे. पंजा खरा होता, वाघाचाच होता. मी गावात येऊन सांगितलं की वाघ आहे, आणि सांगण्याच्या ओघात वाघाची लांबी नऊ फूट झाली. एवढं माझं. पुढे पानठेल्यावर तो अकरा फुटांचा झाला, गिरणीवर त्याचा एक डोळा फुटला, आणि शिमग्यापर्यंत तो मागच्या दोन पायांवर चालू लागला होता. त्यात माझा काही हात नाही. गावाचाच आहे. पण त्या सकाळी जो तो मला माझाच वाघ सांगत होता.

मी म्हणालो, चला, साधा वाघ आहे, माणसं पाहून पळतो. तर एक जण म्हणाला, “साधा कसा? तूच तं सांगितलं होतं, थो ट्रॅक्टरच्या मागं लागला म्हणून.”

मी म्हटलं, ते मी वाढवून सांगितलं होतं.

“मंग आता कमी करून सांगून राहिला का? तुह्यावर भरोसा ठेवला तरी जीव जाते, नाई ठेवला तरी जाते. नाकेदाराले येऊ दे.”

एकानं टाकीवर चढून फोन लावला. त्या काळी मोबाईल गावात आले होते, पण रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. जंगलखात्याचा नाकेदार फटफटीवर यायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मला वाटलं गहू पेरला असता तर कापायला आला असता. तो भला माणूस होता. त्यानं आल्या आल्या सगळ्यांना दटावलं, एकानंही पुढे पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र, आवाज करत चालायचं. मग मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं की वडिलांच्या अंगात काय कपडे होते.

मी म्हणालो, धोतर, दुपट्टा आणि बंडी.

“ही बंडी?”

“ही. नाहीतर अशीच दुसरी.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, माझं डोकं फिरलं. मी त्याला दोन बंड्यांचं आणि खिशाचं सांगितलं.

आम्ही निघालो. परात, डबे, थाळ्या, आणि सगळ्यात वर बाबांचं नाव. सगळं गाव बाबांना नावानं हाका मारत होतं. मीही. बापाचं नाव मुलानं मोठ्यानं घ्यायचं नसतं, शाळेच्या दाखल्यापुरतं मी ते घेतलं होतं, तेही मास्तरांनी दोनदा विचारल्यावर पुटपुटत. आता मी ते गळा फाटेस्तोवर ओरडत होतो. आधी लाज वाटली. मग भीती वाटली. मग ते नाव बाबांचं वाटेनासं झालं, नुसता आवाज झाला, आणि प्रत्येक हाकेनंतर जंगल असं गप्प बसायचं की सगळ्यांचे डबे आपोआप थांबायचे. पळसाची फुलं खाली पडलेली होती. लाल काही दिसलं की सगळे थबकायचे, जवळ जाऊन पाहिलं की पळस. माझी बायको माझ्या मागे चालत होती. बायांनी येऊ नये म्हटलं होतं, ती आली. काकू तर सगळ्यांच्या पुढे होती, अनवाणीच.

मोहाजवळ पोचलो आणि मी आधी बाबांना शोधलं नाही. माझी नजर वर गेली.

दोन वर्षं मी त्या झाडाखाली गेलो नव्हतो, बोडीवर जायचो तेही दुसऱ्या वाटेनं. त्याचा पूर्वेकडचा सगळा भाग वाळला होता. फांद्या नागड्या, साल निघालेली, बुंध्याशी भुसा पडलेला. फुलं पडली होती ती एकाच बाजूला, आणि तीही विरळ, एखाद्यानं मूठभर फेकल्यासारखी. एवढ्या फुलांनी एक टोपलंही पुरतं भरत नाही. बाबा इतक्या दिवसांत घरी काही बोलले नव्हते. आईचा मोह मरत होता आणि ते एकटे रोज येऊन जे पडेल ते वेचून नेत होते.

खाली आईचं टोपलं उलटं पडलेलं होतं. त्याच्यापासून थोडं पुढे बाबांची एक चप्पल. एकच. बांबूची जी काठी बंडी टांगायला रोवलेली असायची ती मोडून आडवी झाली होती. आणि तिच्या पलीकडे, वाळलेल्या पानांत, बंडीची डावी बाजू.

नाकेदार मातीवर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग म्हणाला, वाघ नाही, अस्वल आहे, सोबत पिल्लू असेल. लोकांनी श्वास सोडला आणि लगेच पुन्हा धरला, कारण वाघ निदान काय करील हे माहीत असतं. अस्वल तोंडावर येतं. आमच्या बाजूच्या गावात एक माणूस आहे, त्याला अस्वलानं एकदा धरलं होतं. तो चांगला जगतो, शेती करतो, पण त्याच्या घरी आरसा नाही. हे मी वाढवून सांगत नाही.

बायकोनं बंडीचा तो भाग उचलून खिशात हात घातला. खिसा रिकामा.

“झाडावरचीच हाये,” ती म्हणाली. “डबी नाई.”

काकू म्हणाली, डबी पडलीही असेल, ओढाताणीत.

झालं. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलो आणि पानं चाळू लागलो. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी शोधल्या आहेत, हरवलेली गुरं, पळालेला बोकड, एकदा तर एक सबंध बैलबंडी. पण एखादी वस्तू सापडू नये म्हणून शोधायची वेळ तेव्हाच आली. प्रत्येक मूठभर पानं उचलताना वाटायचं आता चमकेल. कोणाच्या तरी हाताला एक पत्र्याचा तुकडा लागला आणि आम्ही सगळे तिथेच थिजलो. तो जुन्या डब्याच्या झाकणाचा होता. मी जोरजोरात चाळत होतो, आणि डोक्यात बायकोचं ते बोलणं फिरत होतं. दुसऱ्याच कायच्या तरी मागं हायेत. माणसाला अस्वल दिसतं. माणूस मागे फिरू शकतो. आणि एखादा माणूस फिरत नाही, तिथेच उभा राहतो. असं झालं असेल तर? चप्पल इथे आहे म्हणजे ते पळाले. की ओढले गेले? पळालेल्या माणसाच्या दोन्ही चपला जातात की एकच राहते? असले हिशेब मी करत होतो आणि तोंडानं बाबांचं नाव चालूच होतं.

मग माझा आवाज बसला. गावात ज्या माणसाला गप्प करायला लोकांनी नवस बोलले असतील, त्याचा आवाज बसला. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली, नाव घ्यायला तोंड उघडलं आणि नाव निघालंच नाही. नुसता एक बारीक, चिरका सूर निघाला, “कूऽऽऽ”.

पलीकडून, बोडीच्या बाजूनं, उत्तर आलं.

“कूऽऽऽ.”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. नाकेदारानं पुढे पळायचं नाही असं सांगितलेलं होतं. मी पळालो. काकू माझ्याही पुढे पळाली.

बाबा बोडीच्या पाळीवर बसले होते. एक पाय उघडा, एका पायात चप्पल. अंगात बंडी, धडधाकट, एक टाका उसवलेला नाही. हातावर तंबाखू होता आणि ते तो मळत होते. चुन्याची डबी मांडीवर. मला पाहून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “गेली का थे?”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर चिखलात बसलो.

ती म्हणजे अस्वल. नंतर थोडंथोडं करून त्यांनी नाकेदाराला सांगितलं ते असं की उजाडताना ते मोहाजवळ आले तर झाडाखाली अस्वलीण, पाठीवर पिल्लू, आणि तिनं बंडी ओरबाडून खाली घेतलेली. वासाला भिऊन पळण्याऐवजी ती बंडीवरच चिडलेली होती. त्यांनी टोपलं जागेवर ठेवलं आणि मागे मागे सरकले. चप्पल कुठे राहिली ते कळलं नाही. अस्वलीण बंडीचा अर्धा भाग तोंडात घेऊन पांदीकडे गेली, म्हणजे घरच्या वाटेवर. मग ते बोडीला वळसा घालून इकडे येऊन बसले, ती जाईल याची वाट पाहत.

गावाचा आनंद काय सांगू. पण खरं सांगायचं तर दोघातिघांचे चेहरे जरा पडले होते. एवढे डबे, एवढ्या कुऱ्हाडी, आणि म्हातारा तंबाखू मळत बसलेला. एक जण तर मला म्हणाला की तुझा वाघही खोटा निघाला. मी म्हटलं, बापा, वाघ खरा आहे, फक्त त्याला आज सुट्टी होती. सगळे हसले. मी अजून बोडीच्या चिखलातच बसलेलो होतो.

बाबा तेवढ्यात उठले आणि मोहाकडे चालू लागले. टोपलं तिथे राहिलं होतं. ते उचलून त्यांनी अस्वलानं टाकलेली फुलं वेचायला सुरुवात केली. माझ्या बायकोनं मग तोंड सोडलं. सासऱ्यापुढे ती पदर सांभाळून बोलणारी बाई, त्या दिवशी पदर कुठे होता देव जाणे. गाव उभं राहून ऐकत होतं. मामाजी, सगळं गाव बोंबलत होतं, तुमचा पोरगा नरड्याची शीर तुटेस्तोवर बोंबलत होता, तुम्हाला ऐकू येत नव्हतं का? कानात काय घातलं होतं?

बाबा वाकूनच म्हणाले, “जंगलात नावानं बलावलं तं ओ देत नाई, मालूम नाई का तुमाले?”

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. कारण माहीत होतं. प्रत्येकाला माहीत होतं. आमच्याकडे मूल रांगू लागलं की त्याला शिकवतात, जंगलात कोणाला नावानं हाक मारायची नाही आणि नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही. जंगलात नाव घेऊन बोलावणारा आपला माणूस असेलच असं नाही. जे जंगलात मेले, ज्यांचं क्रियाकर्म झालं नाही, ते ऐकलेलं नाव धरून ठेवतात आणि एकट्याला पाहून हाक मारतात. ओ दिली की माणूस त्यांच्या मागे जातो. म्हणून वेचायला गेलेल्या बायका नुसता कुकारा देतात, ‘कूऽऽऽ’. त्याला नाव नसतं, आणि उलट कुकारा आला की समजायचं, माणूस आहे. हे माहीत असलेलं सगळं गाव, काकूसकट, नाकेदारासकट, सकाळपासून बाबांच्या नावानं जंगल डोक्यावर घेत होतं. एकालाही कुकारा सुचला नव्हता. मलाही नाही. माझा गळा बसला म्हणून तो निघाला.

त्यावर पुन्हा हसणं झालं. लोक पांगले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पानठेल्यावर पोचली आणि अस्वलांची संख्या चार झाली. मी ती वाढवली नाही. त्या दिवशी मला काही वाढवावंसं वाटत नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी बाबा अंगणात फुलं पसरत होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि पसरू लागलो, म्हणजे हातांना काम राहिलं. सगळी फुलं एका साध्या चादरीवर मावत होती. आईच्या काळी अंगणभर व्हायची.

मी म्हणालो, मोह वाळून राहिला.

ते हं म्हणाले.

मग मी, गळ्यात जेवढा आवाज उरला होता तेवढ्यानं, सकाळपासून अडकलेलं ते विचारलं. की एवढ्या सगळ्या हाकांत माझी ओळखू आली नाही का. पोराचाही आवाज ओळखू येऊ नये?

बाबांनी एक फूल उचलून पाहिलं, त्यातला कचरा काढला.

“तुही आली ना ओळखू,” ते म्हणाले. “पर नावानं हाक तं तेथी रोजच येते. ओळखीचीच राह्यते. मी ओ देत नाई.”

कोणाची हाक, हे मला विचारायचं होतं. आईची म्हणावं, तर तिनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ‘आयका ना’ आणि ‘अजी’ यापलीकडे ती गेली नाही, दवाखान्यात शेवटी शेवटी सुद्धा नाही. मग झाडाखाली रोज पहाटे माझ्या बापाला नावानं कोण बोलावतं? आणि ओळखीचा आवाज म्हणजे कोणाचा? बाबांचा चेहरा नेहमीचाच होता, कोंबड्या हाकलतानाचा. आत बायकोच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला दुसऱ्याची गोष्ट खरी आहे की रचलेली हे लगेच कळतं. ही रचलेली नव्हती.

“मंग तेथी जाता कायले, बाबा?”

त्यांनी चादरीचं टोक ओढून सारखं केलं.

“मोहा पडते ना,” ते म्हणाले.